वीस किलोखाली

आमचा काटा वीस किलोखाली बोलत नाही.
ट्रकांसाठी केलेला आहे तो, वीस-वीसनं चढतो.
कोराडी रस्त्यावर, बंद पडलेल्या रसवंतीच्या पुढे,
टिनाच्या खोलीत मी बसते.
एक खिडकी, एक प्रिंटर,
आणि ओलावा मोजायची सळई, तिला आम्ही थर्मामीटर म्हणतो.
सावनेरकडून, काटोलकडून ट्रॅक्टर येतात,
पऱ्हाटी, तुराटी, कधी नुसतं कुटार.
मी सळई खुपसते, आकडा वाचते.
चौदाच्या वर गेला की वजन कापायचं.
डिसेंबरात दव पडतं.
दव कोणाच्या खात्यात जातं, हे अजून कोणी विचारलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात साहेबांनी मला साडी नेसून बोलावलं.
अधिवेशनाचे दिवस,
सिव्हिल लाइन्समधल्या झाडांनाही पास लागावा असे.
हॉलमध्ये गारठा, पडद्यावर एक हिरवं पान
गोल गोल फिरत होतं, गळत नव्हतं.
जैव-अर्थव्यवस्था, मूल्यसाखळी, भागधारक —
एक बाई इतकं स्वच्छ बोलत होती
की कुठेच माती लागत नव्हती शब्दांना.
माझ्या हातात काचेची बरणी,
आत पऱ्हाटीच्या दाबलेल्या कांड्या,
कोंबड्यांच्या खाद्यासारख्या.
मंत्र्यांनी एक उचलली, वास घेतला, फोटो निघाला.
"हे सगळं वाया जात होतं," तळवेकर साहेब म्हणाले.
टाळ्या.
मी बरणीचं झाकण शोधत होते.

वाया.
माझी आई त्याला सरपण म्हणायची.
वेचणी संपली की वावर मोकळं करून द्यायचं,
हाताला फोड येईस्तोवर उपटायची पऱ्हाटी,
आणि जी उपटली ती आपली.
कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून
कोणाला खोडता येत नव्हतं.
आता यंत्र उपटतं, यंत्रच बारीक करतं,
आणि लिहिलेलं आहे सगळं, तीन प्रतींत.

परवा सकाळी पंचफुला उरकुडे आली
डोक्यावर मोळी घेऊन, दोन ट्रॅक्टरांच्या मधून.
"बाई, इथं मोळ्या घेत नाहीत."
"इकाले नाई आणली व. मोजाले आणली.
यंत्रवाला म्हणते, तू नेतं म्हणून कंपनीले तोटा होते.
म्हटलं, पाहू तं खरं, केवढा होते."

तिनं मोळी काट्यावर ठेवली.
एवढ्या मोठ्या लोखंडावर एवढीशी,
बैलाच्या पाठीवर बसलेल्या बगळ्यासारखी.
शून्य.
"किती?"
"काहीच नाही."
"मंग तोटा झालाच नाई."
मागचा ट्रॅक्टरवाला हसला, हॉर्न दाबायचा राहिला.

मग काय वाटलं तिला कोण जाणे,
चप्पल काढून, देवळात चढावं तशी
ती स्वतः काट्यावर चढली,
मोळी पुन्हा डोक्यावर घेतली.
"आता?"
"साठ."
ती थोडा वेळ तशीच उभी.
"म्हंजे माही भर पडली का तोटा," म्हणाली,
"बिनमाहा नाई."

प्रिंटरनं वाहन क्रमांक मागितला. मी रेघ ओढली.
सवयीनं हात सळईकडे गेला, मोळीत खुपसली.
एकोणीस.
पावती घडी करून तिनं कनवटीला लावली,
सरपण उचललं, आली तशी गेली.
तिच्या घरी सिलिंडर आहे, रिकामं,
त्यावर ती पाण्याची कळशी ठेवते, हे तिनंच जाता जाता सांगितलं.

संध्याकाळी फोन आला.
"पावती एकशे बारा. साठ किलो. वाहन कुठलं?"
"वाहन नव्हतं साहेब. त्यात एक बाई पण आहे."
थोडी शांतता. पलीकडे कोणाच्या तरी कपाची बशी वाजली.
"ओलावा?"
"एकोणीस."
"मग कापा," म्हणाले.

मी हिशेब केला, तीन किलो होतात.
कशातून कापायचे, ते विचारेपर्यंत
फोन ठेवला होता त्यांनी.